पहिला दंड ओट्यावर काढा

पत्र:

नमस्कार ताई. मी ४३ वर्षांची आहे, मिरजेत राहते आणि एका पतसंस्थेत काम करते. दिवसभर खुर्चीत बसून असते. मागच्या महिन्यात भरलेला गॅस सिलिंडर स्वयंपाकघरात सरकवताना पाठीत उसण भरली आणि रजा काढून पडून राहावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं काही नाही, पण स्नायूंत ताकद नाही, व्यायाम करा, असं म्हणाले. जिमला जायला वेळ नाही आणि खरं सांगायचं तर संकोचही वाटतो. म्हणून मोबाइलवर बघून ‘३० दिवसांत १०० पुशअप’ सुरू केलं. पहिल्या दिवशी एकही निघाला नाही. गुडघे टेकून केले तर मनगटं आणि खांदा दुखायला लागला. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. मी रोज १२ सूर्यनमस्कार घालते, ते पुरे नाहीत का? या वयात ताकद येते का? जाऊबाई म्हणतात हात पुरुषांसारखे दिसायला लागतील, त्यात तथ्य आहे का? आम्ही शाकाहारी आहोत, अंडी चालतात. आणि शेवटचं म्हणजे, माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मी व्यायामाला उभी राहिले की त्याही शेजारी येऊन उभ्या राहतात. त्यांनी काय करावं?

उत्तर:

ताई, पहिल्या दिवशी एकही पुशअप, म्हणजे दंड, निघाला नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका. जमिनीवरच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. तुमचं वजन ६० किलो धरलं, तर दर वेळी ४० किलोच्या आसपास वजन हातांनी वर ढकलायचं असतं. गुडघे टेकले तरी जवळजवळ निम्मं उरतंच. ज्या हातांनी कित्येक वर्षांत कणकेच्या डब्यापेक्षा जड काही ढकललेलं नाही, त्यांनी पहिल्याच सकाळी ४० किलो ढकलावेत अशी अपेक्षा करणारा कार्यक्रमच चुकीचा आहे. तुमच्या मनगटांनी आणि खांद्याने तीन दिवसांत तेच सांगितलं.

घरच्या घरी व्यायाम सुरू करणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जिममध्ये नव्या माणसाच्या हातात कुणी एकदम जड बार देत नाही, दोन-तीन किलोच्या डंबेल्सपासून सुरुवात करून देतात. घरी मात्र स्वतःचं शरीर हेच वजन. ते कमी-जास्त कसं करणार, असा प्रश्न पडतो आणि माणूस सरळ जमिनीवर आडवा होतो. पण शरीराचं वजन तेवढंच ठेवूनही हातांवर येणारा भार कमी करता येतो. हात जितके उंचावर टेकवाल तितका भार हलका, जितके खाली आणाल तितका जड. स्वतःच्या वजनाचा सगळा व्यायाम याच एका गोष्टीवर उभा आहे: आज आपल्याला नीट जमेल अशी पायरी निवडायची आणि ती सोपी झाली की पुढची घ्यायची. आकडा वाढवत नेण्यापेक्षा पायरी अवघड करत जाण्याने ताकद लवकर येते.

तुमच्या घरात या पायऱ्या आधीच आहेत. सर्वांत वरची भिंत. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून ढकलायचं, यात अगदी थोडा भार असतो. खांदा अजून दुखत असेल तर पहिले आठ-दहा दिवस इथेच काढा. त्यानंतर स्वयंपाकाचा ओटा. तुमची खरी सुरुवात इथून होईल असा माझा अंदाज आहे. मग जेवणाचं टेबल (भिंतीला लावलेलं, सरकणार नाही असं), मग पलंगाची कड, मग चौरंग, आणि शेवटी जमीन. ओट्यावर करताना शेगडीपासून लांबच्या टोकाला उभ्या राहा, गॅस चालू असताना तिथे व्यायाम अजिबात नको. ओटा ओला असेल तर आधी कोरडा पुसून घ्या.

करायचं कसं तेही सविस्तर सांगते, कारण पद्धत चुकली तर खांदा पुन्हा कुरकुरेल. ओट्याच्या कडेवर हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवा. पाय मागे न्या, म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत येईल. पोट आत आवळा, नितंब घट्ट करा. बहुतेक जणी हे विसरतात आणि कंबर खाली लोंबते. आता कोपरं शरीराच्या दोन्ही बाजूंना सरळ आडवी न फाकवता तिरकी मागे जाऊ द्या आणि तीन आकडे मोजत छाती ओट्याच्या कडेपर्यंत आणा. खाली जाताना श्वास आत, वर ढकलताना बाहेर. श्वास कोंडून धरू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. तुम्हाला मनगटांचा त्रास झाला तो तळहात जमिनीवर पूर्ण टेकल्यामुळे मनगट काटकोनात वाकतं म्हणून. ओट्याची किंवा पलंगाची कड धरली की हा कोन कमी होतो आणि बहुतेकांचा त्रास तिथेच थांबतो.

असे ६ ते १२ एका दमात, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती, असे तीन सेट. आणि इथे एक शिस्त पाळा: आणखी दोन निघाले असते असं वाटतं तेव्हाच थांबा. शेवटचा कण्हत-कुथत काढलेला दंड नवशिक्याला फारसं काही देत नाही, खांद्याला मात्र दुखवतो. तिन्ही सेटमध्ये १२ स्वच्छ निघायला लागले की पुढची पायरी. तिथे कदाचित पहिल्या दिवशी पाचच निघतील. ते बरोबरच आहे. ओटा ते जमीन या प्रवासाला कुणाला चार-पाच महिने लागतात, कुणाला वर्ष. माझ्या वर्गात येणाऱ्या बायकांमध्ये लवकर पोचणाऱ्या आणि उशिरा पोचणाऱ्या, दोन्ही असतात. पाठ आणि हात दोघींचेही घडतात.

आता तुमच्या पत्रात अजिबात नसलेली एक गोष्ट. तुम्ही फक्त ढकलण्याबद्दल विचारलंत, ओढण्याबद्दल नाही. सगळेच असं करतात, कारण दंडाला जमीन पुरते आणि ओढायला काहीतरी धरायला लागतं. पण दिवसभर संगणकापुढे खांदे पुढे झुकवून बसणाऱ्या माणसाला ओढण्याच्या व्यायामाची गरज सर्वांत जास्त असते. खांद्यांच्या पात्यांमधले आणि पाठीचे स्नायू त्याने जागे होतात. नुसतेच दंड काढत राहिलं तर छातीकडची बाजू मजबूत होते, पाठीकडची मागे पडते आणि खांदा दुखायला कारण मिळतं.

आपल्या तालमींनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. पैलवान नुसते जोर आणि बैठका मारतो असं बाहेरून वाटतं, पण तो दोर चढतो, फावड्याने आखाड्याची माती उकरतो, जोडीदाराला खेचतो. मल्लखांब घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नावारूपाला आणला असं मानलं जातं, आणि त्यात जवळपास सगळं काम पकडीचं आणि ओढण्याचं आहे. दोरीच्या मल्लखांबावर मुली स्वतःचं सगळं वजन पायाच्या आणि हाताच्या पकडीवर तोलतात. घरातल्या व्यायामात मात्र आपण या परंपरेतला ढकलायचा भाग तेवढा उचलला.

ओढायचा सर्वांत सोपा मार्ग: पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरा. तो झाला पाच किलोचा. एक हात पलंगावर टेकवा, पाठ सरळ ठेवून पुढे वाका आणि दुसऱ्या हाताने कॅन कंबरेकडे ओढा. कोपर वर, मागे जाऊ द्या, खांद्याचं पातं मणक्याकडे खेचा, मग हळू खाली. दोन्ही हातांनी ८ ते १२ वेळा. जमायला लागलं की जुन्या शाळेच्या दप्तरात सात-आठ किलो तांदूळ किंवा वह्या भरून तेच करा.

दुसरा मार्ग दाराचा. जुन्या जाड सुती चादरीच्या टोकाला मोठी गाठ मारा. गाठ पलीकडे ठेवून दार बंद करा आणि कडी लावा. चादरीचं दुसरं टोक दोन्ही हातांत धरून मागे झुका आणि छाती दाराकडे ओढा. पाय जितके दाराच्या जवळ, तितकं अवघड. इथे एक काळजी डोळ्यांत तेल घालून घ्या: तुम्ही उभ्या आहात त्या बाजूने ढकलल्यावर उघडणारं दार हवं, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीत आणखी घट्ट बसेल. तुमच्या दिशेने उघडणाऱ्या दाराला कधी लटकू नका. आधी थोडा जोर लावून बघा, मग वजन टाका. बाल्कनीच्या कठड्याला किंवा बाहेरच्या ग्रिलला धरून हा व्यायाम करूच नका. घराजवळच्या बागेत पालिकेने लावलेला लोखंडी बार असेल आणि सकाळी गर्दी कमी असेल, तर त्याच्या खालच्या दांडीला धरून तिरकं लोंबून ओढणं फार उत्तम.

पायांचं मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला सहज जमेल. खुर्चीवर हात न टेकता बसायचं आणि उठायचं, टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पावलांच्या दिशेने. खुर्ची सोपी झाली की स्टूल, मग खालचा चौरंग, मग काहीच न घेता पूर्ण बैठक. ज्यांना उकिडवं बसायची सवय टिकून आहे त्यांचं इथे पटकन जमतं. पुढे दप्तर पाठीवर घेऊन करा, किंवा जिन्याच्या एकाच पायरीवर एका पायाने चढा-उतरा. गुडघ्यातून कटकट आवाज येतो आणि दुखत नाही, तर घाबरू नका. दुखत असेल तर कमी खोल जा.

आता सिलिंडर. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकीच साधारण १५-१६ किलोची, म्हणजे भरलेला सिलिंडर ३० किलोच्या घरात जातो. तो सरकवताना आपण गुडघे ताठ ठेवून पाठीतून वाकतो आणि वाकलेल्या पाठीला पिळ देतो. उसण भरायला एवढं पुरतं. शिकायचं आहे ते कंबरेच्या सांध्यातून वाकणं. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा, पाठ मात्र सपाट राहू द्या. मांड्यांच्या मागच्या बाजूला ताण आला की तुम्ही बरोबर करताय. मग नितंब आवळून सरळ व्हा. पहिले दोन आठवडे हे रिकाम्या हाताने करा, मग पाण्याचा कॅन घेऊन, मग दोन कॅन, मग तांदळाची दहा किलोची पिशवी. सोबत पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलण्याचा व्यायाम करा. सेतुबंधासन तुम्हाला माहीत असेल, तेच, फक्त वर जाऊन तिथेच न थांबता १२ वेळा वर-खाली. सहा महिन्यांनी तुमच्या पाठीला यातूनच सर्वांत जास्त मिळेल, पुशअपपेक्षाही. सिलिंडर मात्र तेव्हाही उचलू नका. तो किंचित कलता करून बुडाच्या कडेवर फिरवत न्या, आणि घरात दुसरं माणूस असेल तर हाक मारा.

पोटासाठी लोक शंभर-शंभर सिट-अप काढतात, त्याची गरज नाही. ओट्यावर दंडाच्या सुरुवातीच्या स्थितीत अंग ताठ ठेवून २० सेकंद थांबणं, मग पलंगावर, मग जमिनीवर कोपरांवर, इतकं पुरतं. आणि शेवटी दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन ताठ मानेने घरातल्या घरात चार फेऱ्या. या चालण्याकडे कुणी व्यायाम म्हणून बघत नाही, पण पकड, खांदे, पोट आणि पाठ एकाच वेळी कामाला लागतात.

हे सगळं आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणा. एकूण २५ ते ३० मिनिटं लागतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि त्याशिवाय १५० मिनिटं तरी दम लागेल असं चालणं वगैरे सांगते, तेव्हा तीन दिवस ही काही अवाजवी मागणी नाही. सलग अर्धा तास मिळत नसेल तर तुकडे करा. सकाळी डबे भरायच्या आधी दंड आणि ओढणं, संध्याकाळी कामावरून आल्यावर पाय आणि कंबर. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं जागच्या जागी पावलं उचलणं, खांदे फिरवणं आणि तीन-चार सावकाश सूर्यनमस्कार घातले की अंग तापतं.

सूर्यनमस्कार पुरे नाहीत का, असं तुम्ही विचारलंत. मी सूर्यनमस्कार मनापासून मानते. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळेतल्या मुलांपासून सगळ्यांपर्यंत नेले, त्यामुळेच आज मिरजेसारख्या गावात रोज सकाळी कुणीतरी ते घालत असतं. पाठीचा कणा पुढे-मागे हलतो, खांदे आणि मांड्यांमागचे स्नायू मोकळे होतात, दमही वाढतो. पण त्यात ओढायचं काहीच नाही, आणि १२ चे २४, २४ चे १०८ केले तरी भार तेवढाच राहतो. रथसप्तमीला १०८ घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे चिकाटी आणि दम असतो, पण ३० किलोचा सिलिंडर सांभाळायची ताकद त्यातून आपोआप येत नाही. तेव्हा ते सोडू नका, पण त्यांच्यावर सगळं टाकूही नका. उलट त्यातच एक बदल करा. साष्टांग स्थितीत जाताना आपण बहुतेक जण अंग धपकन सोडून देतो. तसं न करता गुडघे टेका आणि चार आकडे मोजत छाती खाली न्या. रोजच्या १२ मधल्या तीन-चार नमस्कारांत एवढं केलंत तरी दंडाची तयारी होते, कारण भार सावकाश खाली आणतानाही स्नायू भरपूर शिकतात. मनगट किंवा खांदा दुखला तर मात्र हे थांबवून ओट्यावरच राहा.

तुम्ही सोडून दिलेल्या त्या १०० पुशअपच्या कार्यक्रमाबद्दल मला थोडी चीड आहे, तीही सांगते. कधीच व्यायाम न केलेल्या माणसाने एकदम शेकड्यांनी बैठका किंवा दंड काढले, तर स्नायूंचे तंतू इतके तुटतात की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावलेल्या मुलांना यामुळे रुग्णालयात न्यावं लागल्याची उदाहरणं आहेत. अंग सुजेल इतकं दुखलं आणि लघवीचा रंग काळपट चहासारखा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, वाट बघायची नाही. पैलवान हजार बैठका मारतो त्यामागे लहानपणापासूनची वर्षं असतात.

साधं दुखणं वेगळं. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील, जिना उतरताना कळेल. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं आणि मग ओसरतं. त्यासाठी व्यायाम बंद करायची गरज नाही, थोडं चाला. पण सांध्यात टोचल्यासारखं, एकाच बाजूला, किंवा व्यायाम चालू असतानाच वाढत जाणारं दुखणं आलं तर तो व्यायाम थांबवा आणि एक पायरी मागे या. पाठीतून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर पुन्हा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून लगेच दाखवायचं. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर तातडीने, रात्र असली तरी.

या वयात ताकद येते का? येते, आणि याच वयात ती सर्वांत जास्त लागते. तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दशकात स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बायकांच्या बाबतीत पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं, त्याने हाडंही विरळ व्हायला लागतात. स्नायूंनी हाडांना ओढलं, त्यांच्यावर भार आला, तरच हाडं मजबूत राहायचं काम चालू ठेवतात. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत तुम्हाला आरशात काही दिसणार नाही, पण ओट्यावरचे दंड सहाचे दहा होतील. त्या वेळी मुख्यतः मेंदू आणि नसा आहे त्याच स्नायूंना एकत्र कामाला लावायला शिकत असतात. स्नायू आकाराने बदललेले दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून वहीत तारीख, पायरी आणि किती निघाले एवढं लिहीत जा. पहिल्या दोन महिन्यांत प्रगती त्या वहीतच दिसेल. वजनकाट्याकडे बघून निराश होऊ नका, हा व्यायाम काट्यावर फारसा दिसत नाही.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांची काळजी अनाठायी आहे हेही सांगा. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. ज्या बायकांचे पिळदार हात फोटोत दिसतात त्या वर्षानुवर्षं जड वजनं उचलतात आणि त्यासाठी मोजून खातात. ओट्यावर तीन सेट काढून तसे हात होत नाहीत. दंडाखाली लोंबणारी कातडी थोडी आवळून येईल, खांदे ताठ दिसतील, इतकंच. जाऊबाईंनाच एक दिवस ओट्यासमोर उभं करा.

खाण्याबद्दल. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि प्रथिनं कमी, हे शाकाहारी घरांत नेहमीचंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार साध्या प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करत असाल तर १.२ ग्रॅमच्या हिशेबाने ७० ग्रॅमच्या पुढे जायचा प्रयत्न करा. त्यासाठी पावडरीचा डबा आणायची गरज नाही. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात. कोरड्या सोयाबीन वड्या ३० ग्रॅम घेतल्या तर १५. वाटीभर मटकी किंवा मुगाच्या उसळीतून आठ-नऊ, वाटी घट्ट वरणातून सहा, कपभर दुधातून सात-आठ, वाटी दह्यातून पाच, मूठभर फुटाण्यांतून सहा, आणि दिवसभरातल्या भाकरी-पोळीतून दहा-बारा. बेरीज सत्तरच्या आसपास जाते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्लीत तर त्यात दाण्याचं कूट मोकळ्या हाताने घाला आणि सोबत दही घ्या, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

पाळीच्या दिवसांत करावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं असतं आणि राहून जातं. बरं वाटत असेल तर खुशाल करा, थकवा असेल तर एक पायरी सोपी घ्या किंवा तो दिवस सोडा. त्याने काही वाया जात नाही. आठवडाभर लग्नकार्यात गेला तरी नाही. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर परतल्यावर एक पायरी मागून सुरू करा.

आता सासूबाई. त्या आपणहून शेजारी येऊन उभ्या राहतात हे वाचून मला फार आनंद झाला. एकाहत्तराव्या वर्षी पडण्याची भीती सर्वांत मोठी, आणि पडणं टाळायला मांड्यांची ताकद आणि तोल हेच लागतं. तेव्हा त्यांच्यासाठी तीनच गोष्टी. हात असलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि त्यांना बसायला-उठायला सांगा. आधी हाताच्या आधाराने, मग एका हाताने, मग हात छातीवर ठेवून, पाच-पाच वेळा, मध्ये विश्रांती. दुसरं, ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, आणि मग एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं. ओटा सोडायचा नाही, फक्त पकड सैल करत जायची. तिसरं, भिंतीवरचे दंड, तुम्ही ओट्यावर कराल तेव्हाच त्या भिंतीशी. सुरू करायच्या आधी त्यांचा रक्तदाब मोजून घ्या, आणि मधुमेह असेल किंवा मोतीबिंदूची वा सांध्याची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोला. हाडं विरळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकायचे आणि पिळाचे प्रकार त्यांना नकोत. व्यायाम अनवाणी किंवा न घसरणारी चप्पल घालून करावा, नुसते मोजे घालून फरशीवर उभं राहू देऊ नका. खुर्चीतून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते महिन्यातून एकदा मोजा आणि तुमच्याच वहीत त्यांच्या नावाचं एक पान करून तिथे लिहा.